भोंगा आधी पाड्यात वाजू द्या

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील जिल्हा नियोजन समित्यांचे सन्माननीय सदस्य,
तसेच सातपुड्यातील वनविभागांचे अधिकारी

स.न.वि.वि.

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. घर रावेर तालुक्यात आहे. अंगणात बाज टाकली की उत्तरेला सातपुडा दिसतो. लहानपणी उन्हाळ्याच्या रात्री त्या डोंगरावर एक लाल रेघ हळूहळू वर सरकताना दिसायची आणि आजी म्हणायची, "डोंगरानं हार घातला." आम्हा पोरांना ती शोभाच वाटायची. त्या हारात काय काय जळतं ते फार उशिरा कळलं, विद्यार्थ्यांना घेऊन त्याच डोंगरात पेट्या बसवायला गेलो तेव्हा.

पेट्या म्हणजे वणव्याची वर्दी देणारी यंत्रं, आम्हीच जुळवलेली. एकूण सहा. धुरातला वायू हुंगणारा सेन्सर, छोटं सोलर पॅनल आणि लोरा रेडिओ, म्हणजे कमी विजेत लांबवर छोटे संदेश पाठवणारा रेडिओ. पाड्यातल्या लोकांना विचारून, त्यांच्याच सोबतीनं आम्ही त्या झाडांना बांधल्या. त्या उन्हाळ्यात एक खरा वणवा आमच्या पेटीनं पकडला. त्या दिवसाची हकिगत आधी सांगतो, कारण पुढचं सगळं म्हणणं तिच्यातूनच आलं आहे.

दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी पेटीचा संदेश माझ्या मोबाइलवर आला. मी परीक्षेच्या पर्यवेक्षणावर होतो आणि फोन ड्रॉवरमध्ये होता. तीन वाजून दहा मिनिटांनी पाहिला. त्या बीटच्या वनरक्षकांना लावला तर संपर्क क्षेत्राबाहेर. बिचारे जंगलातच असणार, तिथे रेंज कुठली? कार्यालयात लावला, तिथे साहेब बैठकीला गेलेले. निरोप ठेवला. आगीपासून जेमतेम दीड किलोमीटरवर एक पाडा आहे. दुपारच्या उन्हात दहा-बारा माणसं तिथे निंबाखाली बसलेली होती, पण त्यांना कोणी सांगितलंच नाही. मध्ये डोंगराची सोंड आणि वारा उलटा, त्यामुळे त्यांना धूर दिसला पाचच्या सुमारास. ती माणसं डहाळ्या घेऊन धावली तोवर आग नाला ओलांडून वर चढली होती. वनखात्याची माणसंही आली आणि रात्री उशिरापर्यंत झोडपत राहिली. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा पाड्यातले एक म्हातारे बाबा म्हणाले, "पेटी तुमच्याशी बोलली ना सर, आमच्याशी कुठं बोलली?"

यावर मला उत्तर नव्हतं. वर्गात मी मुलांना सांगतो की सिग्नल पोचला की काम झालं. इथे सिग्नल पोचला होता आणि डोंगर जळाला होता.

आता तुमच्याकडे वळतो. १५ फेब्रुवारीला वणव्याचा हंगाम सुरू होतो, तो १५ जूनपर्यंत चालतो. त्याआधी कोणी ना कोणी पुरवठादार चकचकीत सादरीकरण घेऊन तुमच्या दारात येतोच. कॅमेरा इतके किलोमीटर बघतो, कृत्रिम बुद्धिमत्ता इतक्या मिनिटांत धूर ओळखते, नियंत्रण कक्षात मोठा पडदा लागतो. हे सगळं खरं असू शकतं. विदर्भात पेंच व्याघ्र प्रकल्पात असा कॅमेरा बसला आहे, आणि अमेरिकेत कॅलिफोर्नियात तर डोंगराडोंगरावर मिळून हजाराहून जास्त कॅमेरे आहेत. मी यंत्राच्या विरोधात नाही, माझं पोट त्याच्यावरच आहे. माझी विनंती एवढीच, की खरेदी करताना 'आग किती मिनिटांत दिसते' हे विचारू नका. 'आग लागल्यापासून पहिला माणूस डहाळी घेऊन तिथे किती मिनिटांत उभा राहतो' हे विचारा, आणि त्या आकड्यावरून उलटं मागे येत यंत्र ठरवा.

आकडा का महत्त्वाचा, ते साध्या गणितानं दाखवतो. सागाच्या वाळक्या पाचोळ्यातली जमिनीलगतची आग सपाटीवर मिनिटाला तीन मीटर सरकते आणि चहूबाजूंनी सारखी पसरते असं धरू. दहा मिनिटांनी जळालेला तुकडा सुमारे २८ गुंठ्यांचा असतो आणि त्याचा घेर १९० मीटरच्या आत. पाच-सहा माणसं हा घेर झोडपून काढू शकतात. अर्ध्या तासानं तोच तुकडा सहा एकरांवर जातो. दोन तासांनी शंभर एकर, आणि घेर सव्वादोन किलोमीटर. आता पाच-सहा माणसांनी काय करायचं? वेळ दुप्पट झाली की क्षेत्र चौपट होतं, हे आठवीतलं गणित आहे. त्यात सातपुडा म्हणजे चढच चढ. चढाचा कोन दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा वनकर्मचाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे, कारण ज्वाळा वरच्या पाचोळ्यावर झुकून तो आधीच वाळवून तापवून ठेवतात. वीस अंशांच्या चढावर वेग चौपट. म्हणून माझ्या फोनमधली ती पन्नास मिनिटं मला अजून बोचतात.

उपग्रहाबद्दल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहावरून आगीच्या सूचना देते, आणि नाव नोंदवलं की त्या कोणालाही एसएमएसवर मिळतात. मीही घेतो. उत्तम सोय आहे, पण तिची मर्यादा तिच्या कक्षेतच आहे. व्हीआयआयआरएस हा सेन्सर असलेले उपग्रह आपल्या डोक्यावरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आसपास जातात. साडेतीनला कोणी विडी टाकली तर ती आग उपग्रहाला दिसणार मध्यरात्रीनंतर. शिवाय त्याचा एक ठिपका ३७५ मीटरचा, म्हणजे जवळपास १४ हेक्टरांचा चौकोन. आग आहे हे कळतं, पण चौकोनात नेमकी कुठे, नाल्याच्या अल्याड की पल्याड, हे कळत नाही. इन्सॅट हा आपला हवामानाचा उपग्रह दर अर्ध्या तासाला बघतो, पण त्याचा उष्णतेचा ठिपका चार किलोमीटरचा. थोडक्यात, कुठे किती जळालं याचा हिशेब ठेवायला आणि मोठी आग कुठे सरकते ते बघायला उपग्रहासारखं दुसरं काही नाही. पहिल्या दहा मिनिटांसाठी मात्र तो बनलेला नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षा करणं त्याच्यावरही अन्याय आहे.

मग राहतात टॉवरवरचे कॅमेरे आणि जमिनीवरच्या पेट्या. कॅमेऱ्याला समोर मोकळा देखावा लागतो. तोरणमाळच्या पठारावर किंवा पाल गावाच्या वरच्या एखाद्या धारेवर तो शोभेल. पण आपला सातपुडा सरळ समोर उभा राहणारा डोंगर नाही, तो घड्या घातलेल्या गोधडीसारखा आहे. जामन्या, गाडऱ्या, लंगडा आंबा या बाजूला एका धारेवरून पुढचं खोरं दिसत नाही, ते दिसायला पुढची धार चढावी लागते. धूर खोऱ्यातून वर येऊन धारेच्या डोक्यावर दिसेपर्यंत आपली दहा मिनिटं संपलेली असतात.

आणि उष्णता ओळखणारे कॅमेरे घेताना एकदा भुसावळचा मे महिना आठवा. सावलीत पारा ४५च्या वर. काळा बेसाल्ट उन्हात इतका तापतो की अनवाणी पाय ठेवत नाही. थंड देशात तयार झालेल्या यंत्राला आपली प्रत्येक शिळा संशयास्पद वाटणार. शिवाय आपल्याकडे धूर काय एकाच कारणाचा असतो का? गव्हाचं धसकट, कपाशीच्या पऱ्हाट्या, केळीच्या बागेतला कचरा, वीटभट्ट्या, चुली. दीपनगरच्या वीजकेंद्राची धुराडी आहेतच. उन्हाळ्यातली वावटळ तर लांबून हुबेहूब धुराच्या खांबासारखी दिसते. हे सगळं ज्यानं कधी पाहिलं नाही त्या संगणकाला धूर ओळखायला कोण शिकवणार? तो खान्देशातल्या चित्रांवर शिकला आहे का, हा प्रश्न पुरवठादाराला विचारा आणि उत्तर लेखी मागा.

आमच्या पेट्यांनीही काही कमी गोंधळ घातला नाही. नुसता तापमापक लावून उपयोग नसतो, तो आग अगदी जवळ आल्यावरच ओरडतो आणि मग स्वतःच वितळतो. म्हणून आम्ही वायू हुंगणारा सेन्सर घेतला. पाचोळा धुमसताना ज्वाळा दिसण्याआधीच कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन आणि इतर बाष्पं निघतात, ती हा पकडतो. पण त्याच्या पोटात एक हीटर असतो आणि तो बॅटरी खातो. सतत चालू ठेवला तर छोटं पॅनल पुरत नाही, दर काही मिनिटांनी क्षणभर जागा केला तर पुरतं. बॅटरीनं आम्हाला दुसरा धडा दिला. साधी लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं तिच्या कागदावरच लिहिलेलं असतं, आणि आमच्या बंद पेटीत एप्रिलच्या दुपारी त्याहून कितीतरी जास्त गरम व्हायचं. दोन बॅटऱ्या फुगल्या. वणव्याची वर्दी देणाऱ्या पेटीनंच वणवा लावला असता तर मी कोणाला तोंड दाखवलं असतं? पुढच्या पेट्यांत आम्ही बॅटरीऐवजी वीज साठवणारे सुपरकपॅसिटर टाकले, पेटीला पांढरा रंग दिला, वर पत्र्याची टोपी बसवली आणि पॅनलची जागा तेवढी उन्हात ठेवून पेटी सावलीत सरकवली.

एक पेटी रोज पहाटे चारला ओरडायची. आठवडाभर आम्ही प्रोग्राममध्ये चूक शोधत बसलो. शेवटी पाड्यातला एक पोरगा हसत म्हणाला, "सर, तिथं भट्टी लागते." मोहाची. आम्ही पेटी हलवली, भट्टी नाही.

रेडिओचा भाग मात्र जमला. लोरासाठी आपल्या देशात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो, वीज नगण्य लागते, आणि मध्ये आडवं काही नसेल तर एका धारेवरून दुसऱ्या धारेपर्यंत कित्येक किलोमीटर संदेश जातो. नाल्यात उतरलं की तोच पल्ला एकदम आखडतो. म्हणून धारेवर एक निरोप्या बसवावा लागतो, जो खालच्या पेटीचं ऐकून पुढे सांगेल. संदेश अगदी छोटा, चार-दोन अक्षरांचा. पण वणव्याला तेवढे पुरेत. फोटो नको, व्हिडिओ नको, मोबाइल टॉवरची वाट बघणंही नको. धडगाव-अक्कलकुव्याच्या ज्या पाड्यांत फोन लावायला आजही टेकडी चढावी लागते, तिथेही हे चालेल.

पण हा निरोप कोणाकडे न्यायचा? इथेच माझी सगळी अक्कल कमी पडली होती. मी तो माझ्या मोबाइलवर आणला. तुमचे पुरवठादार तो जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात आणतील. माझं म्हणणं असं, की धारेवरच्या निरोप्यानं तो सगळ्यात आधी जवळच्या पाड्यातल्या भोंग्याला द्यावा. देवळाच्या किंवा अंगणवाडीच्या भिंतीवर एक भोंगा, खाली सोलरवरची छोटी बॅटरी. भोंगा वाजला की पाठोपाठ पावरी किंवा भिली या इथल्या आदिवासी बोलीत रेकॉर्ड केलेलं एक वाक्य: कुठल्या नाल्यात. वनरक्षकाच्या वॉकीटॉकीला आणि कार्यालयाला तोच निरोप त्याच क्षणी जाऊ द्या, त्याला कोणाची ना नाही. पण पाड्याच्या आधी नको.

नाल्याच्या नावाचं सांगतो. आम्ही पेट्यांना एक ते सहा नंबर दिले होते. ते नंबर पाड्यात कोणीच लक्षात ठेवले नाहीत. एक झाली 'अंजनाखालची', एक 'वाघदेवाजवळची', एक 'ती पडकी'. अक्षांश-रेखांश घेऊन कोणी डोंगर चढत नाही. भोंग्यानं म्हणावं, 'वाघदेवाजवळ धूर', आणि माणसं पायवाट न विचारता निघावीत. हा बदल फुकटात होतो. फक्त पेट्या बसवण्याआधी पाड्यातल्या दोन म्हाताऱ्यांबरोबर एक दिवस डोंगर फिरावा लागतो.

आता जरा अवघड मुद्दा. आपले वणवे विजेनं लागत नाहीत, जवळपास सगळे माणसाच्या हातून लागतात, हे तुम्हाला आणि पाड्याला दोघांनाही ठाऊक आहे. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि पाचोळ्यात हरवतात, म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो. तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणूनही आग लावतात. मग ती हाताबाहेर जाते. भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे हा गुन्हा आहे, आणि त्याच कायद्याचं ७९वं कलम सांगतं की जंगलात हक्क असलेल्या लोकांनी आगीची खबर द्यावी आणि विझवायला मदत करावी. पण जो खबर देतो त्यालाच पहिला प्रश्न येतो, "तूच लावली का?" एकदा विचारून बघा, पाड्यातली माणसं याच प्रश्नाला भितात की नाही.

म्हणून कळकळीनं सांगतो: पेटीतली नोंद गुन्हा दाखल करायला वापरली जाणार नाही, हे आधी लेखी द्या. ज्या दिवशी पेटीवरून पहिली चौकशी लागेल, त्या आठवड्यात सगळ्या पेट्या नाल्यात सापडतील, आणि त्या कोणी तोडल्या ते कोणीच पाहिलेलं नसेल. शिवाय सेन्सरनं पकडलेल्या आगीचं कारण मोह असेल तर मोहाच्या झाडाखाली जाळी बांधायला द्या. जाळीत फूल थेट गळतं, पाचोळा जाळायची गरजच उरत नाही, आणि फूलही मातीविना मिळतं. एका कॅमेऱ्याच्या पैशात किती जाळ्या येतील, हा हिशेब तुमच्या बैठकीत कोणी तरी मांडा.

लोक राखण करत नाहीत असं कोणी म्हणेल, तर धुळे जिल्ह्यातच साक्री तालुक्यात बारीपाडा आहे. चैत्राम पवार आणि त्या गावानं शेकडो हेक्टर जंगल वर्षानुवर्षं स्वतःच्या नियमांवर आणि दंडावर राखलं, आणि २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. २००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला जंगल राखायचा अधिकार दिलाच आहे. भोंगा त्या ग्रामसभेचा असू द्या, त्याची किल्ली तिच्याकडे असू द्या. होळीच्या आठवड्यात, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारापासून काठी गावच्या होळीपर्यंत, कोणत्या रात्री भोंगा गप्प ठेवायचा ते तीच ठरवेल. आमच्या पेट्या होळीच्या रात्री सहाच्या सहा ओरडल्या होत्या. यंत्राला होळी कळत नाही, त्याला ती सांगावी लागते.

आणि हंगामी मजूर. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला साफ केलेले पट्टे, वेळेत काढायच्या, ब्लोअर पाठीवर घेऊन पाचोळा उडवायचा, रात्रभर डहाळी मारायची ही कामं करणाऱ्यांना मजुरी महिन्याच्या महिन्याला मिळाली पाहिजे, बूट मिळाले पाहिजेत, पाण्याचा कॅन मिळाला पाहिजे. यावर जास्त लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे.

शेवटची मागणी चाचणीची आहे. पुरवठादार यंत्र दाखवतो ते वातानुकूलित सभागृहात. तुम्ही ते एप्रिलमध्ये, दुपारी दोन वाजता, डोंगरात तपासा. काढून साफ केलेल्या जाळरेषेवर, पाण्याचा टँकर आणि माणसं उभी करून, पाच बाय पाच फुटांचा पाचोळ्याचा ढीग पेटवा. पुरवठादाराला दिवस सांगू नका, पाड्यालाही नको. घड्याळ लावा. पेटीनं किंवा कॅमेऱ्यानं कधी पकडलं ते लिहा, भोंगा कधी वाजला ते लिहा, आणि पहिला माणूस डहाळी घेऊन कधी आला ते मोठ्या अक्षरात लिहा. अशा तीन चाचण्या तीन वेगवेगळ्या खोऱ्यांत घ्या, त्यातली एक नंदुरबार जिल्ह्यात मोलगीच्या बाजूला. तिन्ही वेळा तो माणूस अर्ध्या तासाच्या आत आला तरच बिल काढा.

आमच्या सहापैकी दोन पेट्या अजून चालू आहेत. त्यातली एक उघडून तुमच्या बैठकीत टेबलावर ठेवायला मी येईन, भाड्याचे पैसे नकोत. बरोबर त्या बाबांना आणायची परवानगी मात्र द्या. माझ्यापेक्षा त्यांचे प्रश्न अवघड असतात.

आपला,
इलेक्ट्रॉनिक्सचा एक मास्तर,
रावेर तालुका, जि. जळगाव

ता.क. : तिसऱ्या पेटीचा अँटेना वानरांनी उपटून नेला. पुरवठादार निविदेत 'हवामानरोधक' असं लिहील, त्यापुढे 'वानररोधक' हा शब्द तुम्ही आठवणीनं घाला. आम्ही अँटेना पेटीच्या आत घेतला, थोडा पल्ला कमी झाला, पण तेव्हापासून तो जागेवर आहे.